मुंबईत काटेरी हलवा: काटा का येत नाही, आणि बाळाचे दागिने घरी कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा: बाळाचं पहिलं बोरन्हाण रथसप्तमीला आहे. घर घाटकोपरला, वन बीएचके. अर्धी वाटी तीळ, दोन वाट्या साखर, पाकात लिंबू पिळून दोनदा हलवा केला. एकदा सगळ्याचा गोळा झाला, दुसऱ्यांदा खाली साखरेची पिठी जमली आणि दाणे गुळगुळीतच राहिले. सासूबाईंचं म्हणणं, मुंबईत काटा येत नाही, त्याला थंडी लागते. हे खरं का? आणि दागिने घरी करता येतील का?

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. नाशिक-पुण्याच्या थंडीत येतो तसा लांब, टोकदार काटा मुंबईत मिळणार नाही. पण आखूड, दाट, बोटाला टोचेल असा काटा घाटकोपरलाही येतो. तुमचा बिघडला तो थंडीअभावी नाही. तीळ फार घेतले, पाकात लिंबू घातलं आणि पिठी चाळली नाही, ही तीन मुख्य कारणं दिसतात.

आधी तिळाचा हिशेब बघा, कारण बहुतेक जण इथेच फसतात. तिळाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण ३ ग्रॅम भरतं. अर्धी वाटी म्हणजे ५० ग्रॅम धरले तरी सोळा-सतरा हजार दाणे झाले. दोन वाट्या, म्हणजे ४०० ग्रॅम साखर त्यांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला पाव चिमूटही येत नाही, आणि त्यातलीही बरीच पिठी होऊन गळते. एवढ्या पातळ थरावर काटा उभा राहणार कसा? दागिन्यांसाठी दाणा ५ मिलिमीटरच्या आसपास हवा. तसा एक दाणा साधारण ०.१ ग्रॅमचा असतो. म्हणजे अर्धा किलो साखरेला तीनच चहाचे चमचे तीळ, ९-१० ग्रॅम, पुरेत. त्यांचे तीन हजार दाणे होतात, आणि तान्ह्या बाळाच्या पूर्ण संचाला मोडतोड धरून साताठशे लागतात. उरलेला हलवा हळदीकुंकवाच्या तिळगुळात जाईल. सुरुवातीला परातीत एवढेसे तीळ बघून धीर सुटतो. सुटू देऊ नका.

तीळ पांढरे, पॉलिशचे घ्या. चाळून, निवडून मंद आचेवर दोनतीन मिनिटं कोरडेच गरम करा. तडतडायला लागले की जास्त झालं. खमंग भाजलेल्या तिळाला तेल सुटतं, तेलावर पाक धरत नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी साखरेचं टरफल सबंध निघून येतं. दाणा लवकर मोठा हवा असेल तर बारीक साबुदाणा कोरडा भाजून घ्या, तळू नका. तो मुळातच मोठा असल्याने दोन दिवस वाचतात. खसखशीचा हलवा नाजूक होतो, पण वेळखाऊ. पहिल्यांदा करताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता लिंबू. जिलबीच्या पाकात लिंबू घालतात ते साखरेचे खडे पडू नयेत म्हणून. आंबटाने साखरेचा काही भाग फुटून त्याची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही दोन साखरी तयार होतात आणि पाक गोठायला नाखूश होतो. हलव्यात आपल्याला नेमकं उलट हवं असतं: पाक दाण्याला लागला रे लागला की गोठला पाहिजे. शिवाय ही फुटलेली साखर हवेतलं पाणी फार लवकर ओढते. नुसती शुद्ध साखर सुमारे ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडी राहते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईची हवा दिवसा क्वचितच तिथवर जाते. म्हणजे साध्या साखरेला इथली हवा चालते, लिंबू घातलेलीला चालत नाही. तुमचा गोळा झाला त्याचं मोठं कारण हे. मध, ग्लुकोज पावडर, गूळ यांनाही त्याच कारणाने मज्जाव.

पाक एकदम सगळा करू नका, रोजचा रोज करा. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम साखर, दुसऱ्या दिवशी ७५, तिसऱ्या दिवशी १००, चौथ्या आणि पाचव्या दिवशी सव्वाशे-सव्वाशे. दाणा मोठा होतो तसं त्याचं अंग वाढतं आणि अंग वाढतं तसा पाक जास्त लागतो, म्हणून हा चढता क्रम. पाणी साखरेच्या वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त: १०० ग्रॅमला ६० मिलिलिटर. साखर विरघळली की चमचाभर दूध घाला. दूध फाटून मळी वर आणतं. ती काढा आणि पाक मलमलच्या फडक्यातून गाळा. दूध जास्त झालं तर हलवा पिवळट पडतो, तेव्हा चमचा म्हणजे चहाचाच चमचा.

पहिले दोन दिवस पाक कच्चा ठेवायचा: एक उकळी आणून गाळला की झाला. बोटांना चिकट लागतो, पण तार येत नाही. हा पातळ पाक तिळाला सारखा बसतो आणि आत घट्ट गाभा तयार होतो. तिसऱ्या दिवसापासून एकतारी, म्हणजे दोन बोटांत ओढला की एक तार सुटेल असा, थर्मामीटर असेल तर १०५ अंशांच्या आसपास. एकतारी पाक थंड झाला की त्याला खडे पडतात, म्हणून त्याची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, आणि वाटीच्या कडेला सुकलेली साखर ओल्या फडक्याने पुसत राहा. ती आत पडली की वाटीभर पाक दोन मिनिटांत रवाळ होतो. झालाच तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा उकळा, टाकू नका.

भांडं पसरट, जाड बुडाचं आणि खरखरीत नसलेलं हवं. कल्हईची पितळी परात सर्वांत उत्तम, कारण ती सारखी तापते. घरात नसेल तर पायधुनीच्या तांबाकाट्याला, म्हणजे भांड्यांच्या बाजारात, मिळेल, पण एका बोरन्हाणासाठी नवी घ्यायची गरज नाही. जाड बुडाची स्टीलची कढई किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालतं. लोखंडी कढईत हलवा काळसर पडतो. नॉनस्टिकवर दाणे घसरत राहतात आणि घासले जात नाहीत, त्यामुळे सुरुवातीचा थर नीट बसत नाही. भांड्याला तेलाचा अंश नको, कढत पाण्याने धुऊन कोरडं पुसा.

पूर्वी खाली राखेने झाकलेले निखारे असायचे. गॅसची सगळ्यात छोटी शेगडी, सगळ्यात बारीक ज्योत, वर लोखंडी तवा आणि तव्यावर परात, हा त्याच्या जवळ जाणारा उपाय. तरीही परात तापत जाते, म्हणून दोन मिनिटं गॅस चालू, तीन मिनिटं बंद असं करत राहा. खूण सोपी आहे: परातीच्या बुडाला बोटं टेकवून चार आकडे मोजता आले पाहिजेत. दोनालाच हात उचलावा लागला तर परात जास्त तापली आहे. अशा वेळी पाक दाण्यावर बसायच्या आधीच सुकतो आणि त्याची पिठी होते. तुमच्या दुसऱ्या खेपेला झालं ते हेच असणार. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवायची युक्ती काही जण सांगतात. वाफेने सगळं ओलं राहतं, तिच्या नादी लागू नका.

तीळ परातीत कोमट झाले की पाव चमचा पाक, शक्य तितका पसरवून थेंबाथेंबाने. लगेच बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवा, तळहाताखाली हलके रगडा. आधी चिकटतील, मग खुळखुळ आवाज येईल, मग वरून पांढरी धूळ दिसेल. खुळखुळ आवाज आल्याशिवाय पुढचा पाक घालायचा नाही. पहिल्या दिवशी एका खेपेला दोनतीन मिनिटं लागतात, शेवटी चारपाच. एकमेकांना चिकटलेले जोडदाणे गरम असतानाच सोडवा, उद्यावर टाकलेत तर सुटताना दोन्हीकडचं टरफल जाईल. चमच्याने हलवणाऱ्यांना चिकटपणा कळत नाही, आणि या कामात सगळी परीक्षा चिकटपणाचीच असते. म्हणून बोटंच वापरा, नखं कापलेली, हात पूर्ण कोरडे.

दर आठदहा खेपांनंतर परात खाली उतरवून सगळं पिठाच्या चाळणीतून चाळायचं आणि परात कोरड्या फडक्याने पुसायची. हे टाळलं की काटा गेला. खाली साठलेली पिठी प्रत्येक नव्या थेंबातला पाक शोषून घेते, दाण्यांवरच्या खळग्यांत जाऊन बसते आणि पृष्ठभाग सपाट करते.

काटा मुळात येतो कसा हे समजलं तर पुढचं हाताला आपोआप कळतं. दोन दिवसांच्या थरांनंतर दाणा डोळ्याला गोल दिसला तरी बारीक उंचवट्यांचा असतो. परातीत लोळताना पाक पहिल्यांदा लागतो तो उंचवट्यांना. टोकावर हवा चहूबाजूंनी लागते, त्यामुळे तिथलं पाणी लवकर उडतं आणि साखर तिथेच गोठते. उंच होतं ते आणखी उंच होतं. पाक जास्त घातला तर तो खळग्यांतही भरतो. पातळ असेल तर गोठायच्या आधी ओघळतो. फार रगडलं तर आलेलं टोक मोडतं. थंडीचा संबंध इतकाच, की थंड कोरड्या हवेत पाक पटकन गोठतो. जपानमधली कोंपेइतो ही खडबडीत साखरगोळी हलव्याची मावसबहीणच म्हणायची. नाव पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’वरून आलेलं. ती तापलेल्या फिरत्या कढईत अशीच थेंबाथेंबाने वाढवतात आणि तिला आठवडा-दोन आठवडे लागतात. पाच दिवसांत आपलं भागतं हे तसं स्वस्तच.

म्हणून तिसऱ्या दिवसापासून हात बदलायचा. रगडणं बंद. एकतारी पाक चमचाभर, पण धारेने नाही, चमच्याच्या टोकावरून शिंतोडल्यासारखा. मग परातीचे दोन्ही कान फडक्याने धरून दाणे हिंदकळवायचे, बोटं फक्त चिकटलेले सुटे करायला. शेवटच्या दिवशी दीड-दोन चमचे पाकही दाणे घेतात. बारीक काटा तिसऱ्या दिवशी दिसायला लागतो, चौथ्या दिवशी बोटाला कळतो. रंग हवा असेल तर खाण्याचा रंग किंवा केशर शेवटच्या तीनचार खेपांच्या पाकात, तेही वेगळ्या काढलेल्या मूठभर दाण्यांना. बिटाचा रस दोन दिवसांत मळकट दिसतो.

रोज तास-सव्वा तासाहून जास्त बसू नका. दाण्याच्या आतला ओलावा बाहेर यायला मधली रात्र लागते. सलग पाच तास काम केलं तर वरून कोरडा आणि आतून मऊ हलवा तयार होतो, तो दोऱ्यात धरताच फुटतो. रात्री परात मलमलने झाकून उंच ठेवा. मुंग्यांसाठी पाणी भरलेल्या ताटात उलटी वाटी आणि तिच्यावर परात. फ्रिजमध्ये अजिबात नाही, कारण बाहेर काढताच दाण्यांवर पाणी धरतं.

वेळ कोणती? जुन्या सांगण्याप्रमाणे पहाट. मुंबईत मी साडेआठ ते अकरा म्हणेन. पहाट थंड असते, पण दमटही असते. सकाळी वारा जमिनीकडून असतो, दुपारकडे तो समुद्रावरून फिरतो आणि हवा चिकट व्हायला लागते. त्या अडीच तासांत कुकर लावू नका, बाथरूमचं दार बंद ठेवा, भात दुसऱ्या वेळी. पंखा परात शेगडीवर असताना नको, खाली उतरवल्यावर जरूर. समुद्राला लागून घर असेल आणि एसी असेल तर रात्रीची परात एसीच्या खोलीत ठेवा, तो हवा कोरडी करतो. थंडीची फार वाट बघण्यात अर्थ नाही. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर आला होता तो २२ जानेवारी १९६२ ला. मुंबईकरांनी हलवा करायला तसा दिवस शोधत बसायचं म्हटलं तर बाळाचं लग्न येईल.

तारखेचा हिशेब मात्र आधी करा. संक्रांत ठरलेली असते, रथसप्तमी तिथीने सरकते: २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. हलव्याला पाच दिवस, वाळायला एक, दागिन्यांना दोन. म्हणजे आठ दिवस आधी सुरुवात.

दागिन्यांकडे येऊ. दाणे निवडताना तीन ढीग करा: मोठे एकसारखे हाराला, मधले मुकुट आणि कमरपट्ट्याला, बारके आणि जोडदाणे खायला. हलव्याला सुईने भोक पाडायचं नसतं, तो फुटतो. पांढरा सुती दोरा दुहेरी घेऊन सरकता फास करायचा, त्यात दाणा धरायचा आणि काट्यांच्या मधोमध दोरा बसेल असा हळू आवळायचा. काट्याचा उपयोग इथे कळतो, गुळगुळीत दाणा फासातून निसटतो. दोन दाण्यांत अर्धा सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर हार वळताना काटे एकमेकांवर घासून गळतात. नायलॉनचा दोरा घसरतो आणि बाळाला कापतोही. दोरा ताणून धरायला उलट्या स्टुलाचे दोन पाय सोयीचे.

बाळाच्या संचात मुकुट, हार, दोन बाजूबंद, मनगट्या, कमरपट्टा, वाळे. मुलगा असेल तर बासरी, मुलगी असेल तर बिंदी. नथ तान्हीला घालू नका, कितीही गोड दिसली तरी. मुकुट आणि बाजूबंदांना जाड काळा किंवा सोनेरी पुठ्ठा लागतो. तो आणि जरीची किनार क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक मिळते, दादरच्या रानडे रोडवर सुटी. मुकुटासाठी डोक्याचा घेर मोजून पट्टी त्याहून चार सेंटिमीटर आखूड कापा आणि मागे सॅटिनची फीत लावा, म्हणजे सैल-घट्ट करता येतं. पुठ्ठ्याच्या आतून मऊ सुती कापड चिकटवायचं: काटे आणि पुठ्ठ्याची धार दोन्ही कपाळाला लागत नाहीत, आणि घामाने साखर विरघळून त्वचा चिकट होत नाही.

चिकटवायला फेविकॉल बहुतेक जण वापरतात. बाळ जे हातात येईल ते तोंडात घालतं, म्हणून मी त्याच्या विरुद्ध आहे. पिठीसाखरेत थेंब थेंब पाणी घालून टूथपेस्टइतकं घट्ट मिश्रण करा, पुठ्ठ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवा, त्यावर दाणा टेकवा आणि चार तास हलवू नका. ठिपका मोठा झाला की त्यातलं पाणी दाणा पितो आणि खालून विरघळतो. फेविकॉल वापरलाच तर तो दागिना खायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः आजोबांना.

बांधायला सगळीकडे फितीची सुटी गाठ, पक्की नाही. हार गळ्याभोवती घट्ट नको, आणि गाठ पुढच्या बाजूला, दिसेल अशी. दागिने घालायचे, ओवाळायचं, फोटो काढायचे आणि दहापंधरा मिनिटांत उतरवायचे. बोरन्हाण त्यानंतर. डोक्यावरून ओतायच्या बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, चुरमुरे, बत्तासे यांत तुमच्या बाळाच्या डोक्यावर चुरमुरे आणि बत्तासेच पडू देत. बोरं आणि शेंगा बाजूला चादरीवर, जमलेल्या मोठ्या मुलांना वेचायला. बोराची बी, शेंगदाणा, हलव्याचा दाणाही तान्ह्याच्या घशात अडकू शकतो, म्हणून लूट सुरू असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त बाळाच्या मुठीकडे बघण्याचं.

उरलेला हलवा आणि दागिने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, दागिने टिश्यूत वेगवेगळे गुंडाळून. औषधांच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी टाकायची असेल तर फडक्यात बांधून, खायच्या हलव्यापासून वेगळी. मेपर्यंत काही होत नाही. जुलैत मुंबईची हवा ८५ टक्क्यांच्या वर जाऊ लागली की डबा एकदा उघडला तरी काटे ओघळतात, तेव्हा खायचा हलवा त्याआधी संपवा. चाळलेली पिठी, जी सव्वाशे-दीडशे ग्रॅम तरी निघेल, बरणीत भरून ठेवा. तिच्यात तिळाचा वास उतरलेला असतो, बेसनाच्या लाडवाला ती नेहमीच्या पिठीसाखरेपेक्षा बरी लागते.